विडा, विडी आणि मुखाचा कर्करोग



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे महाराष्ट्रातील गावोगावी तिचे अनुकरण झाले. उन्हाळ्याच्या दिवसांत, सायंकाळचा वारा सुटल्यावर, चार माणसांनी एकत्र बसून काही विचार ऐकावा आणि त्यावर घरी जाताना बोलावे, अशी ही सुंदर प्रथा आहे. अशा प्रसंगी काव्य, इतिहास किंवा संतवाङ्मय हे विषय शोभतात. कर्करोगाचे नाव काढले की श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडते, हे मी जाणतो. तरीही आज हाच विषय आपल्यापुढे मांडावयाचा आहे; कारण ज्या रोगाविषयी मी बोलणार आहे, तो पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखा आहे आणि वेळीच दिसला तर बरा होण्यासारखा आहे. जो रोग टाळता येतो त्याने माणूस जावा, ही गोष्ट केवळ वैद्यांनी नव्हे, तर गावानेही मनास लावून घ्यावी अशी आहे.

माहुरात विड्याविषयी बोलायचे म्हणजे प्रथम देवीचे स्मरण केले पाहिजे. गडावरील रेणुकामातेच्या मंदिरात तांबूलाचा प्रसाद मिळतो. पान, सुपारी, कात व सुगंधी द्रव्ये खलबत्त्यात कुटून केलेला तो प्रसाद दूरदूरचे यात्रेकरू भक्तिभावाने घरी नेतात. या गावचा संबंध महानुभाव पंथाशीही जुना आहे, आणि त्या पंथाच्या लीळाचरित्रात भोजनानंतरच्या विड्याचा उल्लेख वारंवार येतो. आपल्याकडे लग्नाची बोलणी विड्याने पक्की होत, कामगिरी स्वीकारणारा विडा उचलत असे, आणि पाहुण्याला निरोप देताना पानसुपारी पुढे होई. तेव्हा विडा हा आपल्या सामाजिक जीवनात किती खोल रुजलेला आहे, हे मी आपणास सांगायला नको.

याचाच आधार घेऊन पुष्कळ लोक म्हणतात, "देवीलाच तांबूल लागतो, मग आम्ही तोंडात चिमूटभर तंबाखू धरली तर काय बिघडले?" हा प्रश्न थट्टेने विचारला जातो, पण त्याचे उत्तर गंभीरपणे दिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, जुन्या तांबूलात तंबाखू नव्हती. असणे शक्यच नव्हते. तंबाखू ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या सफरीनंतर ती युरोपात आली आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणली. तिचा उत्तरेकडील प्रवेश तर आपल्या दख्खनमधूनच झाला. अकबराचा सरदार असद बेग हा विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला असता त्याने तेथे तंबाखू पाहिली, आणि १६०४-०५च्या सुमारास परत जाताना त्याने ती व एक नक्षीदार हुक्का बादशहासाठी नजराणा म्हणून नेला. अकबराने दोन-चार झुरके घेतले. दरबारच्या हकिमाने मात्र ताबडतोब हरकत घेतली. या वस्तूविषयी आमच्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही, तेव्हा तिची परीक्षा झाल्याखेरीज ती घेऊ नये, असा त्याच्या बोलण्याचा मतलब होता. असद बेगाने उलट युक्तिवाद केला की, प्रत्येक रूढी केव्हातरी नवीनच असते. वादात असद बेग जिंकला. जहांगीराने १६१७ साली तंबाखूबंदीचे फर्मान काढले, परंतु तोपर्यंत तंबाखूने मुलूख जिंकला होता. त्या हकिमाचे म्हणणे मान्य व्हायला पुढे साडेतीनशे वर्षे जावी लागली.

तात्पर्य, तंबाखू ही आपल्या विड्यातील आगंतुक आहे. ज्या त्रयोदशगुणी विड्याचे आपण कौतुक करतो, त्याच्या तेरा घटकांत तिला स्थान नाही. तिला परंपरेचे वस्त्र नेसवून कोणी आपल्यापुढे उभे केले, तर ते वस्त्र उसने आहे एवढे आपण ओळखावे.

परंतु सत्य सांगायचे तर ते पुरे सांगितले पाहिजे. तंबाखू काढून टाकली म्हणजे विडा निर्दोष झाला, असे आजचे विज्ञान म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखूयुक्त विडा हा कर्करोगकारक ठरविला. आणि २००४ साली, अधिक पुरावा हाती आल्यावर, तंबाखू नसलेला विडा व नुसती सुपारी यांनाही त्याच यादीत बसविले. सुपारीतील ॲरेकोलिन नावाचे द्रव्य गालाच्या आतील मऊ त्वचेखाली तंतूंची दाटी वाढवीत जाते. गाल आतून चामड्यासारखे ताठ होतात, तिखट सोसवत नाही आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. सबम्यूकस फायब्रोसिस असे या विकाराचे नाव. आधुनिक वैद्यकात त्याचे वर्णन १९५२-५३च्या सुमारास झाले, आणि ते करणाऱ्यांत आपल्याकडील डॉ. जोशी हे एक होते. या विकारातून पुढे कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो.

मग प्रसादाचे काय? श्रद्धेने घेतलेला चिमूटभर प्रसाद जिभेवर ठेवला जातो आणि गिळला जातो. तो कोणी दाढेखाली दाबून तासन्‌तास धरून ठेवीत नाही, की दिवसातून दहा वेळा त्याचा बार भरीत नाही. विषाचे बळ मात्रेवर आणि संपर्काच्या काळावर अवलंबून असते. जो मनुष्य वर्षातून एकदा गड चढून तांबूल घेतो आणि जो मनुष्य रोज दहा पुड्या रिचवतो, त्या दोघांना एका मापाने मोजता येणार नाही. म्हणून देवीच्या तांबूलाचे निमित्त करून व्यसनाचे समर्थन करू नये. देवीचा प्रसाद हा देवीचा आणि व्यसन हे आपले स्वतःचे, एवढा विवेक ठेवला म्हणजे पुरे.

आता तंबाखू तोंडात नेमके काय करते ते पाहू. तंबाखूच्या पानावर प्रक्रिया होत असताना तिच्यात नायट्रोसमाइन नावाची विषारी द्रव्ये तयार होतात. आपण तळहातावर तंबाखू घेतो, चंचीतून बोटभर चुना काढतो, अंगठ्याने मळतो, फटका मारून धूळ उडवतो आणि ती चिमूट ओठाआड किंवा दाढेखाली सारतो. चुन्यामुळे तंबाखूतील निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरते. तलफ भागते ती यामुळे. परंतु त्याच वेळी ती विषारी द्रव्ये त्याच एका जागी, रोज, वर्षानुवर्षे मुरत राहतात. त्वचेच्या पेशी झिजतात, नव्या पेशी घाईने तयार होतात, आणि या घाईत केव्हातरी एखादी पेशी वाढीचा नियम मोडते. तिच्यापासून निपजलेल्या पेशी कोणाचेच ऐकत नाहीत. कर्करोग म्हणजे शरीराच्या घरातच उठलेले हे बंड आहे. पाश्चात्त्य देशांत मुखाचा कर्करोग जिभेवर अधिक आढळतो. आपल्याकडे तो बहुधा गाल व हिरडी यांमधील खोबणीत होतो. जेथे आपण तंबाखू धरतो नेमकी तीच जागा! रोगाने आपल्या कारणाचा पत्ता यापेक्षा स्पष्ट कसा द्यावा?

ही गोष्ट सिद्ध करण्यात महाराष्ट्रातील संशोधकांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा आपणास अभिमान वाटला पाहिजे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांनी डॉ. संघवी व डॉ. राव यांच्या समवेत रुग्णांच्या सवयींची पद्धतशीर पाहणी केली आणि १९५५ साली तिचे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. तंबाखू चघळण्याचा संबंध मुखाच्या कर्करोगाशी आणि धूम्रपानाचा संबंध जिभेचे मूळ व घसा यांच्या कर्करोगाशी असल्याचे त्यांनी दाखविले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सांगणारा डॉल आणि हिल यांचा प्रसिद्ध निबंध याच नियतकालिकात पाच वर्षे आधी, १९५० साली आला होता. म्हणजे जगाला हे ज्ञान होत होते त्याच काळात मुंबईतही ते होत होते.

पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी तर दवाखान्यात बसून रुग्णांची वाट पाहण्याऐवजी खेड्यांची वाट धरली. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे त्यांनी घरोघर जाऊन तपासली. तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या मराठवाड्याच्या सीमेवर, बार्शी येथे, १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर परांडा व भूम हे मराठवाड्यातील तालुकेही तिच्यात आहेत. खेड्यातील गरीब माणूस कोणत्या रोगाने गेला याची नोंद ठेवावी, असे कोणाला तरी वाटले, ही गोष्ट लहान नाही.

आता थोडे आकडे सांगतो. आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात भारतात ओठ व मुख यांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण निघाले आणि सुमारे ७५ हजार माणसे त्याने दगावली. साऱ्या जगात त्या वर्षी असे रुग्ण सुमारे ३ लाख ७८ हजार होते. म्हणजे जगातील तीन रुग्णांमागे एकाहून अधिक रुग्ण आपल्या देशातला. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा २४.४ लोक बिनधुराची तंबाखू घेतात, असे आढळले. धूम्रपान करणारे शेकडा ३.८ होते. ही तुलना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सिगारेटविरुद्ध आपण पुष्कळ बोलतो, परंतु महाराष्ट्राचा खरा शत्रू धुरावाचून येतो. त्याला वास नाही, राख नाही. तो शेतात, कचेरीत, एस.टी.त आणि माजघरातही बिनबोभाट चालतो.

माजघरात म्हणालो ते जाणूनबुजून. आपल्या बहुसंख्य स्त्रिया विडी ओढीत नाहीत, परंतु पुष्कळ घरांत मशेरी चालते. तंबाखू तव्यावर भाजून तिची पूड करायची आणि दात घासण्याच्या निमित्ताने ती हिरड्यांवर फिरवीत बसायचे. दात दुखतो म्हणून कोणी तरी सुचविते, दुखणे थोडे बधिर होते, आणि मग दिवसातून चार वेळा 'दात घासावे' लागतात. माता-भगिनींनो, ते दंतमंजन नव्हे, तीही तंबाखूच. गरोदर स्त्रीने ती वापरल्यास बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो. आणि आपल्या शेजारच्या यवतमाळ-चंद्रपूरकडचा खर्रा आता कोणाला अपरिचित राहिला आहे? सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदात घालून घोटायचे आणि ती पुडी खिशात बाळगायची. यात तंबाखूचे विष आणि सुपारीचे विष दोन्ही एकत्र येतात. तरुण मुलांची तोंडे उघडेनाशी होतात ती या खर्ऱ्याने आणि गुटख्याने.

धूम्रपानाची गोष्ट याहून वेगळी नाही; केवळ वाट वेगळी आहे. धूर फुप्फुसात जातो आणि तेथून त्यातील विष रक्ताबरोबर सर्वत्र हिंडते. फुप्फुस, स्वरयंत्र, अन्ननलिका, मूत्राशय यांचे कर्करोग, हृदयविकार, अर्धांगवायू, जुनाट दमा व खोकला ही त्याची फळे आहेत. क्षयरोग धूम्रपान करणाऱ्यास अधिक गाठतो आणि अधिक मारतो. तरुण वयात भरपूर विड्या ओढणाऱ्या काही जणांच्या पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडतात आणि बोटे सडून पाय कापावा लागतो. विडी ही देशी आणि पानात गुंडाळलेली, म्हणून ती सौम्य असावी, असा एक गोड गैरसमज आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी सारखी विझू पाहते, म्हणून ओढणारा अधिक वेळा आणि अधिक जोराने झुरके घेतो. परिणामी विष कमी जात नाही. शिवाय ओसरीवर बसून ओढलेल्या विडीचा धूर पाळण्यातील मुलालाही ओढावा लागतो, आणि त्याची संमती कोणी घेतलेली नसते.

टेंभुर्णीच्या पानाचे नाव निघाले, तेव्हा एका अडचणीच्या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. हे दिवस तेंदूपत्त्याचे आहेत. किनवट-माहूरच्या रानांत पहाटेपासून पाने तोडणारी आणि दुपारी त्यांचे पुडे बांधणारी माणसे आपल्यापैकीच आहेत. पावसाळ्यापूर्वी हातात चार पैसे यावेत, याचा दुसरा मार्ग त्यांना क्वचितच असतो. २००६च्या वनहक्क कायद्याने या पानावरील त्यांचा हक्कही मान्य केला आहे. विडीविरुद्ध बोलणे म्हणजे या लोकांच्या पोटावर पाय देणे नव्हे काय? माझे उत्तर असे आहे: पानात विष नाही, विष आत भरलेल्या तंबाखूत आहे, आणि पान तोडणाऱ्याच्या रोजीची चिंता शासनाने व समाजाने करायची आहे. मोहफूल, चारोळी, डिंक यांना बरा भाव मिळेल अशी व्यवस्था करणे हे काम आजपासूनच हाती घेतले पाहिजे. परंतु तोवर त्याच मजुराने उन्हात मिळविलेले पैसे विडीत आणि खर्ऱ्यात घालवावेत, याला कोणता न्याय म्हणायचा? समजा, एखाद्याचा या व्यसनापायी दिवसाला ३० रुपये खर्च होतो. वर्षाला ते १०,९५० रुपये झाले. एवढ्या पैशात मुलाचे वर्षाचे शिक्षण होते. आणि रोग झालाच, तर हा हिशेब करायलाही घरात कोणाला उसंत राहात नाही.

रोग होतो कसा आणि आपण चुकतो कोठे, हे एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, पंचेचाळीस वर्षांचा एक शेतकरी आहे. वीस वर्षे तंबाखू खातो. एके दिवशी त्याला गालाच्या आत खरखरीत पांढरा चट्टा लागतो. दुखत नाही, म्हणून तो कोणाला सांगत नाही. वर्षाने तेथे जखम होते. "दात लागला असेल" म्हणून तो हळद लावतो. ती भरत नाही. पुढे पेरणी असते, मग काढणी असते, मग मुलीचे लग्न असते. गळ्याला गाठ येते तेव्हा घरच्यांना कळते, आणि मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत रोग जबड्याच्या हाडात शिरलेला असतो. या कथेत दुष्ट असे कोणीच नाही. तो मनुष्य आळशी नाही की मूर्ख नाही. जे दुखत नाही ते धोक्याचे नाही, हा एकच समज त्याच्या आड आला. हा रोग आरंभी दुखत नाही, हीच त्याची सर्वांत मोठी फसवणूक आहे.

म्हणून ही लक्षणे पाठ करून ठेवा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा व्रण, गालात, जिभेवर वा हिरडीवर गाठ, कारणावाचून रक्त येणे, दात एकाएकी हलू लागणे, जीभ जड होणे, गिळताना अडखळणे, आवाज बसून तो न सुधारणे, गळ्याला गाठ येणे, आणि तोंड पूर्वीसारखे न उघडणे. आपली तीन बोटे उभी करून तोंडात जातात का, एवढे पाहिले तरी पुष्कळ समजते. महिन्यातून एकदा हात धुऊन, चूळ भरून, आरशासमोर उभे राहा. ओठ उलटून पाहा, दोन्ही गाल बोटाने ओढून आतली बाजू पाहा, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा व खालची बाजू पाहा, टाळू पाहा, गळा चाचपा. याला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

तपासण्याने खरोखर प्राण वाचतात काय, अशी शंका कोणी घेईल. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली याचा मोठा प्रयोग सुरू झाला. साध्या प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन विजेरीच्या उजेडात तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू शेकडा ३४ने कमी झालेले दिसले. त्यासाठी मोठी यंत्रे लागली नाहीत. डोळे, उजेड आणि दारोदार जाण्याची तयारी एवढ्यावर काम झाले. माहूर तालुक्यात हे होऊ शकणार नाही, असे मला वाटत नाही.

लक्षण दिसले तर काय करावे? प्रथम येथील ग्रामीण रुग्णालयात किंवा दंतवैद्याकडे जावे. तेथून नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करुग्णालयात किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करुग्णालयात जाता येते. खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. शासनाची जीवनदायी योजना २०१२ साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. तीच आज महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणून चालते, आणि कर्करोगाचे उपचार तिच्यात येतात. "तुकडा काढून तपासला की रोग पसरतो" असे गावात बोलले जाते. हे साफ खोटे आहे. तुकडा तपासल्यावाचून निदान होत नाही, आणि त्या भीतीने गमावलेले दिवस मात्र रोगाच्या पथ्यावर पडतात. कर्करोग स्पर्शाने होत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी काढण्याचे काही कारण नाही. आणि कर्करोग म्हणजे मरण, हेही खरे नाही. आरंभीच्या अवस्थेत सापडलेला मुखाचा कर्करोग बहुतेकांच्या बाबतीत बरा होतो.

श्री. शरद पवार यांच्यावर २००४ साली मुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते दीर्घकाळ सार्वजनिक जीवनात वावरले आणि आपल्या जुन्या सवयीविषयी जाहीरपणे बोलून त्यांनी लोकांना सावध केले. उलट, ग्रामस्वच्छतेचे कार्य गावोगाव नेणारे आर. आर. पाटील हे २०१५च्या फेब्रुवारीत याच रोगाने, अवघ्या ५७व्या वर्षी गेले. हा रोग मोठा-लहान पाहात नाही, हे सांगण्यासाठी ही दोन नावे घेतली.

आता सोडण्याविषयी. तंबाखू सोडणे सोपे आहे असे सांगणारा मनुष्य तंबाखूला ओळखत नाही. निकोटिनची पकड खरी असते. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप येत नाही, कामात लक्ष लागत नाही. पण हे त्रास काही आठवड्यांत ओसरतात, आणि एकेक तलफ तर काही मिनिटांचीच असते. तेवढी मिनिटे टाळता आली पाहिजेत. पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकावी, उठून चार पावले चालावे. तंबाखूऐवजी सुपारी धरू नये. ते आगीतून फुफाट्यात पडणे होईल. दिवस ठरवून सोडावी, आणि चंची व डबी घराबाहेर काढावी. शासनाची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा यासाठीच आहे. एकदा सोडून पुन्हा लागली तर खचू नये. पुष्कळांची ती तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात सुटते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात सुमारे ३६ हजार तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या ग्रामस्थांना समजावून सांगण्याचा उपक्रम झाला होता. ज्यांनी सवय सोडली वा कमी केली, त्यांच्या तोंडात नवे चट्टे येण्याचे प्रमाण घटले. सोडल्याचे फळ शरीर देतेच.

कायदे झाले आहेत. २००३ साली केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा झाला. सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई आहे, अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तिचे दुकान चालत नाही. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. परंतु गुटखा कोठे मिळतो हे आपल्या गावातील शाळकरी मुलालाही ठाऊक असेल, तर दोष केवळ कायद्याचा नाही. गडचिरोलीत २०१६पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' या उपक्रमात डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू व तंबाखू यांविरुद्ध गावांनाच उभे केले आहे. गावाने ठरविल्यावाचून बंदी कागदावरच राहते, हा त्यातील धडा आहे.

तेव्हा या सभेपुढे तीन सूचना ठेवतो. गावातील शाळांभोवतीच्या दुकानांकडे शिक्षक व पालक यांनी मिळून एकदा जावे आणि दुकानदारांशी भांडण न करता बोलावे. तोही आपल्याच गावचा आहे. लग्नकार्यात पाहुण्यांपुढे तंबाखूचे तबक ठेवण्याची चाल यंदापासून बंद करावी. निदान आपल्या आग्रहाने तरी कोणाला ती लागू नये. आणि तिसरे, व्याख्यानमालेच्या चालकांनी ग्रामीण रुग्णालयाशी बोलून एक दिवस मुखतपासणीसाठी ठरवावा. त्या दिवशी प्रथम गावातील प्रतिष्ठितांनी रांगेत उभे राहावे, म्हणजे इतरांचा संकोच जाईल.

आज रात्री घरी गेल्यावर आपल्या वडिलांना, भावाला, पतीला किंवा आईला एवढेच म्हणा, "जरा दिव्यापाशी या आणि तोंड उघडा." कोणी हसेल, कोणी रागावेलही. पण शंभर घरांत असे पाहिले गेले आणि त्यांतल्या एका घरात एखादा चट्टा वेळीच दिसला, तर आजची सायंकाळ सत्कारणी लागली असे मी समजेन.